ग्रीनवरचं गवत

आनेकलहून फोन आला तेव्हा मी कचेरीत प्रुफं तपासत होतो. मामेभावानं एवढंच सांगितलं, की आप्पा पहाटे झोपेतच गेले. हातातलं पान संपवून मी घरी आलो आणि आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सूप रिकामं होईपर्यंत ती उठली नाही... मग तिनं बसची वेळ विचारली. आप्पा म्हणजे माझे रामोजीमामा, तिचे धाकटे भाऊ. याला आता महिना उलटून गेला.

आनेकलला राहायला जाण्याआधी मामा इथं बेंगळूरच्या एका गोल्फ क्लबात मुख्य माळी होते. चेंडू शेवटी ज्या खळीत ढकलायचा, तिच्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीला तिथं ग्रीन म्हणतात. दिसायला सतरंजी, पण मुळात ती हरळीच. गणपतीला आपण वाहतो त्या दूर्वा. एप्रिल-मे हा तिचा कठीण काळ. मामा उजाडायच्या आत लांब बांबू फिरवून पात्यांवरचं दव झाडत, कारण ओल राहिली की बुरशी धरते. मग मुळांपुरतं पाणी आणि चाळलेल्या वाळू-शेणखताचा पातळ थर. कापणीच्या यंत्राचं पातं उन्हाळाभर थोडं वर चढवलेलं असे. मेच्या अखेरीस वळीव पडून गेला की अळी येई आणि हिरवं ग्रीन बघता बघता तपकिरी होई. तेव्हा त्यावर विषारी पावडर मारत आणि तिथलं कापलेलं गवत खड्ड्यात पुरत. बाकीच्या ग्रीनचं कोवळं गवत मामा पोत्यात भरून सायकलवरून आमच्या गाईला आणत. वडील गेल्यावर आमचं घर त्या गाईच्या दुधावर चालत होतं. मी वर्तमानपत्रात नुकताच लागलो होतो, तोही उमेदवारीवर.

त्या वर्षी मेमधल्या एका दुपारी मामांनी नेहमीसारखं पोतं आणून गाईपुढं रिकामं केलं. संध्याकाळी क्लबातल्या एका गड्याच्या बोलण्यातून त्यांना कळलं, की पावडर मारलेल्या ग्रीनचं गवतही त्याच ढिगात पडलं होतं. ढीग वेगळे ठेवलेत ना, हे पाहणं मामांचं काम होतं. त्या दिवशी त्यांनी ते पाहिलं नव्हतं. तोवर आईनं धार काढून गल्लीत रतीब घातले होते. मामा सायकल हाणत आले, पण आमच्या दारात थांबले नाहीत. ते थेट घरोघर गेले. "दूध ओतून टाका. गाईनं विषाचं गवत खाल्लंय. चूक माझी." मराठी घरांत मराठीत, बाकीच्यांकडे कन्नडात. आमचं दार शेवटचं.

"आधी माझ्याकडे यायचं होतंस, रामू," आई म्हणाली. "मांजरानं तोंड घातलं म्हणाले असते मी. सगळं दूध परत आणलं असतं."

"तेवढ्यात एखादं पोर प्यालं असतं तर, अक्का?"

"प्यालं का कुणी? नाही ना? मग उद्यापासून कोण घेणार तेही सांग."



गाईला काही झालं नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी लक्ष ठेवलं आणि काही दिवसांनी दूध चांगलं असल्याचं सांगितलं. पण रतीब तुटले ते तुटलेच. समोरच्या सुब्बम्मा हसून विचारत, "काय अक्का, आज साधं दूध की गोल्फचं?" आई हसत नसे.

डॉक्टरांनी सांगितल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मामा रोज सकाळी, क्लबातलं पाणी घालून झालं की आमच्याकडे येऊ लागले. सायकलवर आता विकत घेतलेला कडबा असे. ओट्यावर, रस्त्याकडे तोंड करून ते बसत. आई पितळी पेला काठोकाठ भरून त्यांच्यासमोर ठेवी. सगळ्या गल्लीदेखत ते तो हळूहळू रिकामा करत. मला त्या वेळी पुढच्या दारानं बाहेर पडायची लाज वाटे.

"काय राव, अजून जिवंत?" कुणीतरी जाता जाता विचारी.

"स्वल्प थांबा, पेला संपू द्या," मामा म्हणत.

दोन-तीन घरं परत आली, तेवढ्यावर भागेना. दोन वर्षांनी आईनं होसकोटेच्या एका माणसाला गाय विकली आणि छापखान्यात पुस्तकबांधणीचं काम धरलं. गाय गेली त्या सकाळपर्यंत मामांनी एक दिवस चुकवला नाही. त्या प्रकाराबद्दल दोघं पुन्हा कधी बोलले नाहीत.

तेराव्याहून परतताना, बसमध्ये, आई खिडकीकडे पाहत बोलली. "त्याला दूध चालायचं नाही. लहानपणी वासानंच ओकायचा."

मी म्हणालो, "मग ती दोन वर्षं...?"

"मला माहीत होतं ना! माहीत होतं म्हणूनच काठोकाठ भरत होते. तो माझ्याकडे बघायचा, पेला उचलायच्या आधी, रोज. 'पुरे रामू' एवढंच म्हणायचं होतं रे... नाही म्हटलं."



हल्ली सकाळी ती माझा पेला अर्धाच भरते, हात थांबवते आणि विचारते, "पुरे?" मी उत्तर देईपर्यंत पातेलं पुन्हा वाकवत नाही.