आज गेले का पैसे?

वारंगा फाट्यावर माझी मिनी बँक आहे. म्हणजे एक खोली, एक लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन. इथं पैशांपेक्षा किस्सेच जास्त जमा होतात, आणि त्यांना केवायसी लागत नाही! त्यातले निम्मे लॉकडाऊनचे. आता सांगताना हसू येतं, पण तेव्हा सकाळी शटर वर करायचं जिवावर यायचं.

*

बायांच्या खात्यावर सरकारचे पाचशे आले आणि कुणीतरी पुडी सोडली, आज काढले नाहीत तर सरकार परत घेणार. झालं, रांग थेट हायवेला भिडली. मी चुन्याचे गोल आखून ठेवले होते. लोकांनी गोलात चपला ठेवल्या आणि स्वतः लिंबाखाली एकमेकांना चिकटून बसले. तेवढ्यात पोलिसांची गाडी आली. लिंबाखालचे सगळे पसार, चपला तेवढ्या जागेवर. हवालदारानं या टोकापासून त्या टोकापर्यंत रांग पाहिली.

"डिस्टन्स एकदम बराबर हाय," तो म्हणाला. "आता या चपलायमंदी माणसं उभी करा."

एकटी सक्रूबाई पळाली नव्हती. ती जवळच्या तांड्यावरची. तिला पाचशेची घाईच नव्हती.

तिचा नवरा हैदराबादकडं मिस्त्रीकामाला गेला होता. काम बंद पडलं तसा तो पायी गावाकडं निघाला, आणि वाटेत त्याचा फोन बंद झाला. बांधकाम कामगारांसाठी सरकारनं टाकलेले दोन हजार त्याच्या खात्यात येऊन पडले होते. एटीएम कार्ड त्याच्या खिशात, पण खात्याचे मेसेज यायचे घरच्या फोनवर, सक्रूबाईकडं. म्हणजे खात्यातले पैसे कमी झाले, तर माणूस कुठल्यातरी एटीएमपर्यंत जिवंत पोचला. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून फोन वाजला की ती माझ्याकडं चालत यायची. बाकी सगळे विचारायचे, पैसे आले का. ती विचारायची, "आज गेले का?"

*

मशीनची वेगळीच तऱ्हा. सॅनिटायझर लावला की ते अंगठा ओळखायचं नाही, आणि नाही लावला तर माणूस मशीनला शिवायचा नाही. त्यात हळद शिजवायचे दिवस, अर्ध्या लोकांचे अंगठे भाजून घासून गुळगुळीत झालेले. शेजारच्या गावचे गणपतमामा तर अंगठ्याला कॅरीबॅग बांधून आले. म्हटलं, मामा, उघडा अंगठा लागतो. त्यांनी मशीनकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"पयले तू लाव. घंटाभरात तुला काही झालं न्हाई, तर मंग मी लावतो."

आणि खरंच समोर बसून राहिले! त्यांचं पाहून मागची रांगही थांबली, सगळ्यांचे डोळे माझ्यावर. तो घंटाभर मी शिंकसुद्धा दाबून धरली.

*

एक दिवस सक्रूबाई पळतच आली. फोन लागला म्हणाली, पण तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"पोराचा बाप खोकून राहिलाय, भाऊ. नुसता खोकला ऐकू येते. बोलून न्हाई राहिला."

मी तिच्या फोनवरून नंबर लावून कानाला धरला. खोकला आला, मागून कोरोनाच्या सूचना देणारी बाई आली, आणि शेवटी फोन बंद असल्याचं सांगितलं. तो खोकला सरकारी होता! सगळ्या देशाला फोन लावला की तोच ऐकू यायचा. मी तिला समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, मग तो स्वतः कुठं आहे? मी पुन्हा तोच नंबर लावला.

*

फाट्यावर चहाची टपरी चालवणारा दिगंबर रांगेत दोनदा खोकला. रांग अशी फाटली की तो सरळ खिडकीशी आला, पैसे घेतले आणि हसत गेला. दुसऱ्या दिवशी आणखी तिघांना खोकला सुरू झाला. आम्ही पोट धरून हसलो.

आणि मग दिगंबरला न्यायला ॲम्ब्युलन्स आली. त्यानं दाबलेलं मशीन मी दिवसभर हाताळलं होतं. तेव्हापासून रोज उठलो की आधी चहापत्तीच्या डब्यात नाक घालायचं. बायको मुलीला घेऊन दुसऱ्या खोलीत राहायची. तिथूनच विचारायची, "आला का वास?" आला म्हटलं की ती चूल पेटवायची आणि मी शटर उघडायला निघायचो. दिगंबर बरा होऊन आला, तरी माझी ती सवय बरेच दिवस गेली नाही. खरं सांगतो, इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

*

सक्रूबाईचा फोन वाजायचा तो बहुतेक रिचार्ज संपल्याचा, नाहीतर कॉलर ट्यूनची जाहिरात. तरी ती दरवेळी यायची, आणि मी मान हलवली की पदरानं फोन पुसून परत जायची.

एका दुपारी मेसेज वाचला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "गेले."

रांगेतल्या एकानं तिथूनच सुनावलं, कार्ड चोराच्या हाती लागलं असेल, रस्त्यात मेलेल्या माणसांचे खिसे लोक सोडत नाहीत. मला त्याचा राग आला, कारण तोच विचार आधी माझ्या मनात आला होता.

सक्रूबाईनं माझ्याकडंच पाहिलं.

"सगळे गेले?"

"न्हाई. पाचशे."

"बाकीचे?"

"पंधराशे हायेत अजून खात्यात."

ती चुन्याच्या गोलात मटकन खाली बसली. मग त्या बोलणाऱ्याकडं वळली.

"चोरानं लेकरायसाठी मागं ठेवले असते व्हय, दादा?"