करंड्यातली गोळी

दादाला एचआयव्ही आहे हे कळलं तेव्हा सरावलीच्या आमच्या चाळीत मी मान खाली घातली नाही. घरातली पहिली पदवीधर मी. आजार म्हणजे पाप नव्हे, हे आईला मीच समजावलं. गोळ्यांनी तो सावरलाही. पण यंदा पुन्हा वाळू लागला. पालघरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्या नियमित असतील तर असं व्हायला नको. तो त्या रोज घेतो, असंच आम्ही धरून चाललो होतो. देवीवरचा माझा विश्वास तेव्हा डळमळला, खोटं कशाला बोलू?

नवरात्रात आईने दादाला कडक उपास धरायला लावला. पाण्याशिवाय काही नाही, आणि भूक लागली असंही तो म्हणेना. "देवीनेच बळ दिलंय," आई चाळभर सांगायची. उपास मोडेल म्हणून त्याने गोळ्याही थांबवल्यात, हे मला ठाऊक नव्हतं.

अष्टमीला आम्ही तिघं डहाणूच्या महालक्ष्मीला गेलो. रांगेत आमच्यापुढे एक कोळीण मावशी होती. तिच्या मोबाईलचा गजर वाजला. तिने पिशवीतून कुंकवाचा करंडा काढला, त्यातली गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्यायली. दादा बघतच राहिला. तिने ओळखलं.

"तुजी पन हीच गोली काय रं?"

"उपास आहे, मावशी."

"मना पन हाय! देवीला काय दुसरा धंदा नाय, आपल्या गोल्या मोजत बसंल? भूक तरी लागते का तुला?"

दादा खालीच बसला. "भूक देवीने नाही मारली गं आई," तो म्हणाला. "मी कोकेन ओढतो. मुंबईला पार्ट्यांत साउंड लावायला जातो ना, तिथं लागलं."

आईने ओटी छातीशी घट्ट धरली. तिला दर्शनाशिवाय हलायचं नव्हतं. मावशीने हात पुढे केला. "दे ती. मी भरते. तुमी आदी डाक्टरकडं जा."

आईने ओटी दिली.

डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं: कोकेनच्या नादात गोळ्या चुकतात, वर ते अंगातली ताकदही खच्ची करतं, विषाणूला मोकळं रान मिळतं. दादा व्यसनमुक्तीला जाऊ लागला. मध्ये एकदा घसरला, पुन्हा गेला. आता जेवण मागून घेतो.

गोळी आईच्या करंड्यात असते, देव्हाऱ्यात. सकाळी ती दादाच्या हातावर ठेवून मगच आई चहा पिते. ओटी देवीपर्यंत पोचली का, आम्ही कधी शोधलं नाही. देवीवर सोपवणं म्हणजे काय, ते मी त्या रांगेत पाहिलं: आईने ओटी अनोळखी हातात दिली, आणि लेकाचा हात धरून दवाखान्याची वाट धरली.