ती आमच्या गेटवरची नव्हती

अठ्ठावीस वर्षं मी कर्जतला एका कॉलेजात शिकवलं. माणसं एकमेकांना काय सांगतात, कुणाचं ऐकतात आणि कधी गप्प बसतात, हा माझा विषय. त्यातले बहुतेक सिद्धांत रेडिओ आणि वर्तमानपत्रांच्या काळात मांडलेले. मुलं विचारायची, मॅडम, हे आता कशाला शिकायचं? मी म्हणायची, यंत्रं बदलली, माणूस तोच आहे. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं की ते खरं आहे का हे तपासायचं राहूनच गेलं. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात ते खरं निघालं, माझ्या डोळ्यांसमोर, आणि त्यात माझाही हात होता.

निवृत्त झाल्यावर मी कर्जतमधल्याच दहिवलीला एका नव्या सोसायटीत राहायला आले. चार इमारती, एक गेट आणि एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. त्या गेटच्या बाहेर पावसाळ्यात एक बाई रानभाज्या घेऊन बसायची. कशेळ्याच्या पलीकडच्या एका ठाकरवाडीतून ती पहाटे निघायची, चालत कशेळ्याला यायची आणि तिथून जीपने आमच्याकडे. टाकळा, कुरडू, भारंगी, पुढे कर्टोली. कुठली भाजी कशी चिरायची, कुठलीला चिंचेचं पाणी लागतं, हे ती प्रत्येकीला सांगायची, न कंटाळता. माझ्याशी तिचं विशेष जमलं, कारण मी तळमजल्याच्या बागेतला नळ तिला उघडून द्यायची. ती तिथे जुड्या धुऊन, पाणी निथळून मग पाटीत मांडायची. ती माझ्याहून पंधराएक वर्षांनी लहान होती. मी तिला अगं म्हणायची, ती मला बाई.

ऑगस्टमधल्या एका रविवारी सकाळी ग्रुपवर एक व्हिडिओ आला. जेमतेम पंधरा सेकंदांचा. रस्त्याकडेच्या गटारात एक बाई वाकून भाजी धुते आहे. गुडघ्यापर्यंत नेसलेली हिरवी साडी, चेहरा दिसत नाही. खाली लिहिलं होतं, ‘ही आपल्या गेटवरची तर नाही ना?’ टाकणारा मुलगा माझा विद्यार्थी. आता मुलगा कसला, तिशीतला गृहस्थ, पण माझ्या विषयात वर्गात पहिला आलेला, म्हणून माझ्या मनात तो मुलगाच राहिला होता.

मी व्हिडिओ थांबवून पाहिला. धुतली जात होती ती फ्लॉवर. आमच्या बाईने जन्मात कधी फ्लॉवर विकली नव्हती. मागे एका दुकानाची पाटी होती आणि तिच्यावरची अक्षरं देवनागरी नव्हती. व्हिडिओ आपल्या राज्यातलाच नव्हता. हे कळायला मला मिनिटभरसुद्धा लागलं नाही.

तेवढ्यात ग्रुपवर ओकारी काढणारी हिरवी तोंडं यायला लागली. एकीने लिहिलं, मी कालच घेतली होती, आत्ताच्या आत्ता फेकते. दुसऱ्याने लिहिलं, तरीच माझ्या मुलीचं पोट बिघडलं. कुणीतरी सेक्रेटरींना विचारलं, हिला गेटवर बसू कोण देतं? मी लिहायला घेतलं. ‘ही ती नाही. मागची पाटी पाहा.’ एवढं लिहून झालं होतं. अंगठा पाठवायच्या बाणावर होता.

मी ते पुसलं.

कारण सांगते, लहानच आहे. आदल्या वर्षी ग्रुपवर अशीच एक अफवा आली होती तेव्हा मी चार ओळी लिहून ती खोडली होती. एकाने उत्तर दिलं, ‘मॅडम, इथे लेक्चर नको,’ आणि त्याखाली हसरे चेहरे लागत गेले. मी ते मोजले नाहीत, पण संध्याकाळी फिरायला गेले ती मागच्या रस्त्याने. या वयात एवढ्याशा गोष्टीची लाज वाटावी, याचीही लाज वाटली होती. तेव्हा या खेपेला मी ठरवलं, दुसरं कुणीतरी बोलेल, मग आपण दुजोरा देऊ.

वर्गात मी हेच फळ्यावर काढायची. आपलं मत चारचौघांच्या मताशी जुळत नाही असं वाटलं की माणूस बोलत नाही. तो बोलत नाही म्हणून त्याच्यासारखाच दुसरा स्वतःला एकटा समजतो आणि तोही बोलत नाही. गप्प बसणारे वाढत जातात आणि बोलणाऱ्यांचा आवाज आहे त्यापेक्षा मोठा होतो. त्याला आम्ही मौनाचं चक्र म्हणायचो. त्या रविवारी मी फोन हातात धरून बसले होते आणि त्या चक्रात नेमकी कुठे उभी आहे हे मला स्वच्छ दिसत होतं. दिसत असूनही मी जागची हलले नाही.

सोमवारी ती आली तेव्हा वॉचमनने तिला गेटवर बसू दिलं नाही. ती पाटी उचलून रस्त्यापलीकडे भिंतीला टेकून बसली. मी खाली गेले. नेहमी गराडा असायचा, त्या दिवशी कुणी फिरकलं नव्हतं. आमच्या बायका तिच्याकडे न बघता रिक्षात बसत होत्या.

“बाई, काय झालं ओ?” तिने मला विचारलं. “वॉचमन काय सांगत नाय.”

मी म्हटलं की सोसायटीचे नियम बदललेत. दोन जुड्या घेतल्या आणि वर आले. व्हिडिओचं मी तिला सांगितलं नाही. ते तिला तिसऱ्या दिवशी जीपमध्ये समजलं, कुणाच्या तरी फोनवर. त्यानंतर ती आली नाही.

आठवड्याने खालच्या मजल्यावरच्या बाई माझ्याकडे आल्या. बँकेतून निवृत्त झालेल्या, मोजकं बोलणाऱ्या. चहा घेता घेता त्यांनी स्वतःहून विषय काढला. म्हणाल्या, मला तेव्हाच शंका आली होती, ती फ्लॉवर कुठे विकायची? मी विचारलं, मग तुम्ही लिहिलं का नाही? त्या थोड्या ओशाळल्या.

“तुम्ही काहीच बोलला नाहीत ना,” त्या म्हणाल्या. “तुम्ही तिला नळ उघडून देता हे सगळ्यांना माहीत आहे. म्हटलं, खोटं असतं तर तुम्ही पहिल्या बोलला असतात.”

म्हणजे माझं गप्प बसणं ही तिथे साक्ष झाली होती. तिच्या विरुद्धची. इतकी वर्षं मी शिकवलं की न बोलणं हाही एक निरोप असतो; तो निरोप कुणाकुणाला पोचला असेल याचा विचार करत मी त्या गेल्यावर कितीतरी वेळ कप विसळत उभी राहिले.

मग मी माझ्या विद्यार्थ्याकडे गेले. त्याने आदराने बसवलं. मी मागची पाटी दाखवली. त्याने लगेच मान्य केलं. म्हणाला, मॅडम, मी फक्त प्रश्न विचारला होता, आरोप कुठे केला? मी म्हटलं, पुढे पाठवण्याआधी गाळणी लावणारा माणूस म्हणजे द्वारपाल, यावर तू पेपरात तीन पानं लिहिली होतीस. तो हसला आणि मग खरं बोलला. नोकरी गेल्यापासून तो दिवसभर घरीच होता. ग्रुपवर रोज काही ना काही टाकायचा, कुणी बघायचंही नाही. “त्या दिवशी सगळ्यांनी उत्तर दिलं,” तो म्हणाला. “बरं वाटलं.” मला एका जुन्या प्रयोगातलं पिंजऱ्यातलं कबूतर आठवलं. चोच मारली की दाणा कधी पडतो, कधी पडत नाही, आणि कधीतरीच पडतो म्हणूनच ते चोच मारत राहतं. हे मीच त्याला शिकवलं होतं. रागावायला गेले होते, पण राग कुठे ठेवू ते कळेना. मी त्याला खुलासा लिहायला सांगितलं. तो हो म्हणाला. लिहिलं नाही.

तरीही माझा सिद्धांतांवरचा विश्वास पुरता गेला नव्हता. लोक बातमीवर थेट विश्वास ठेवत नाहीत, आपल्यातल्या एखाद्या मानलेल्या माणसावर ठेवतात, हेही मी शिकवलेलं. आमच्यात तो माणूस म्हणजे एक डॉक्टर. मी त्यांच्या दवाखान्यात नंबर लावून बसले, सगळं सांगितलं, व्हिडिओतल्या पाटीचा फोटो दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि दुपारी ग्रुपवर लिहिलं, ‘पावसाळ्यात सर्व पालेभाज्या मिठाच्या पाण्याने स्वच्छ धुऊन घ्याव्यात.’ त्यांच्या मते त्यांनी माझं काम केलं होतं. कुणाला दुखवायचं नाही म्हणून बाकीचं गाळलं. खाली लोकांनी हात जोडले. एकीने लिहिलं, म्हणजे डॉक्टरांनीसुद्धा तो व्हिडिओ पाहिला.

त्या दिवशी शेवटी मी लिहिलं. व्हिडिओतली पाटी गोल करून फोटो टाकला, फ्लॉवरचं लिहिलं, नळाचं लिहिलं. सतरा दिवस उलटून गेले होते. दुपारभर मी फोन उघडत होते, किती जणांनी वाचलं ते बघत होते, बंद करत होते, पुन्हा उघडत होते. चहा दोनदा उतू गेला. दोन अंगठे आले, त्यातला एक खालच्या बाईंचा. मग कुणाचा तरी वाढदिवस निघाला आणि केकची चित्रं सुरू झाली. त्यांच्यामधून एक उत्तर आलं, ‘असेलही. पण काळजी घेतलेली बरी.’ बस. ज्यांनी भाजी फेकून दिली होती त्यांना आता ती चांगली होती हे ऐकायचं नव्हतं. त्यालाही पुस्तकात नाव आहे. प्रत्येकाला नाव होतं. नाव माहीत असण्याचा उपयोग काय, हे मात्र मला कुणी शिकवलं नव्हतं.

दोन दिवसांनी मी जीपने कशेळ्याला गेले. तिथून विचारत विचारत वाडीवर. चिखलाची चढण होती, एका शाळकरी मुलीने हात धरून वर नेलं. आमची बाई अंगणात काड्या मोडत बसली होती. मला बघून उठली, पाणी दिलं, बसायला गोणपाट अंथरलं. मी श्वास जागेवर आल्यावर सांगितलं की मी ग्रुपवर लिहिलंय, ती बाई तू नाहीस म्हणून, आता तू ये.

“कदी लिवलं?” तिने विचारलं.

“परवा.”

ती काड्यांकडे बघत होती. मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, “आन् ती मी नाय, ह्ये तुमाला कदी कळलं?”

खोटं सांगता आलं असतं. मी सांगितलं, त्याच दिवशी. लगेच.

ती रागावली नाही. रागावली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं. ती एवढंच म्हणाली, “मंग तवाच बोलायचा व्हता, बाई.” आणि चूल पेटवायला आत गेली. कोरा चहा केला. चहा पिताना तिने माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. पुढच्या आठवड्यापासून ती आणि तिची जाऊ खालापूरकडच्या एका फार्महाउसवर गवत काढायला जाणार होत्या, गाडी येऊन घेऊन जाणार होती. मी म्हटलं, आणि भाज्या? ती म्हणाली, कर्जतला आता बसवत नाय, बायका बगतात. मी म्हटलं, मी सोबत बसते. तिने मान हलवली, ती हो होती की नाही ते मला कळलं नाही. परतताना ती उतारापर्यंत आली, निसरडं कुठे आहे ते दाखवलं आणि मी खाली पोचायच्या आत मागे फिरली.

ती पुन्हा आली नाही. पुढच्या पावसाळ्यात ग्रुपवर एकीने विचारलं, हल्ली कर्टोली कुठे मिळतात? लोकांनी दोन-तीन अ‍ॅपची नावं सुचवली. मी वाचलं. काही लिहिलं नाही.

यंदा जानेवारीत कॉलेजने मला व्याख्यानाला बोलावलं. विषय त्यांनीच दिला होता, जुने सिद्धांत आणि आजचा सोशल मीडिया. मी गेले. तासभर बोलले, चांगलं बोलले. मौनाचं चक्र समजावताना एक उदाहरण हवं होतं. मी दुसऱ्याच कुठल्या गावातलं, बनवलेलं उदाहरण दिलं. शेवटी मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. तिने विचारलं, “मॅडम, तुम्ही स्वतः कधी अशा गप्प बसलात का?”

सभागृहात बरेच जण फोन बघत होते. प्राचार्य घड्याळ बघत होते. मी म्हटलं, “आपण सगळेच बसतो.”

मुलं हसली, टाळ्या वाजल्या. ती मुलगी मात्र उभीच होती, मी आणखी काही सांगेन म्हणून. मी माझे कागद गोळा केले.