दुसरं फुलपात्र

त्या दुष्काळात बाबांना चित्रासाठी रोज एक फुलपात्र पाणी मिळे. मोजून देणारी अर्थातच आई.

शेंद्र्याच्या वाटेवरील नव्या वसाहतीत घर बांधताना बाबांनी तिला दारापुढं फुलबाग कबूल केली होती. पुढं रस्ता रुंद झाला, उरलेल्या जागेत टँकरचं पाणी साठवायची टाकी आली आणि बाग राहून गेली. निवृत्तीनंतर बाबांनी जुन्या कॅलेंडरवरचं एक फ्रेंच निसर्गचित्र समोर ठेवून ती कागदावर लावायला घेतली. उन्हात विरघळलेली फुलं, मधोमध आभाळ झेलणारं तळं. निदान ही बाग तरी तिच्या हाती पूर्ण द्यायची, एवढाच त्यांचा ध्यास होता.

"झाडं सुकली, अन् तुम्ही कागद भिजवताय," आई म्हणे.

"तुझ्या बागेला एवढंच पाणी लागतं. शिवाय माळी घरचा."

एका फुलपात्रात सारे रंग धुवायचे, म्हणजे दुसऱ्याच फुलाला पाणी गढूळ होई. जांभळ्यात माती उतरे, गुलाबीवर धुरकट साय धरे. जवळून पाहावं तर नुसते डाग. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून मात्र तीच फुलं वाऱ्यानं हलल्यासारखी दिसत. संध्याकाळी ते पाणी मोगऱ्याच्या कुंडीत जाई आणि ओल्या मातीचा चिमूटभर गंध घरभर फिरून येई.

तळं तेवढं कोरं राहिलं. निळ्याला नितळ पाणी हवं. कुंचल्यात पिवळ्याचा अंश उरला तर तळ्यावर शेवाळ चढणार. बाबा काठाची फुलं वाढवत राहिले, आणि मधला पांढरा कागद अधिकच पांढरा दिसू लागला.

एका सकाळी आईनं त्यांच्यापुढं दोन फुलपात्रं ठेवली.

"टँकर आला?" बाबांनी विचारलं.

"नाही. तुमचं तळं बघवत नाही."

"मग हे कुठलं?"

"तुळशीचं. तिला सांगितलंय मी."

बाबांनी कुंचला लगेच बुडवला नाही. बनियनच्या कडेला तो पुसत राहिले, कापडावर रंग उमटेनासा होईपर्यंत. मग पहिला निळा थेंब कागदावर पसरला. आई ओल्या हातांनी उंबऱ्यात उभी होती.

"जरा खोल करा," ती म्हणाली. "आपल्याकडची तळी लवकर आटतात."