पेवात ठेवलेले चिरूट

पलटणीतून पेन्शनीवर आलेला माणूस शेती बघतो, नाहीतर गावकीत लुडबुड करतो. आमच्या ह्यांनी सांगलीत चिरुटांचं दुकान टाकलं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. सगळं गाव विडी ओढत होतं आणि हे दक्षिणेतून पेट्या मागवून बसले. उभी उमर ऑफिसरांच्या मेसमध्ये वाढण्यात आणि त्यांचे चिरूट पेटवून देण्यात गेलेली. आता कुणाची चाकरी नको, स्वतःच्या गल्ल्यावर बसायचं, हे एकच वेड होतं. साखर कारखान्यांचे साहेब गिऱ्हाईक होतील म्हणे.

माल आला की आम्ही दोघं निवडायला बसायचो. आधी आकार बघायचा. अंगानं सारखे ते सरळ, बाकीचे घाटाचे. सरळांत पुन्हा लांबी आणि जाडी; आखूड जाडे वेगळे, लांब सडपातळ वेगळे. जाडी बघायला ह्यांनी एका फळीला लहानमोठी भोकं पाडली होती. घाटाच्यांत एका टोकाला निमुळता तो आमच्या दोघांच्या भाषेत गाजर, दोन्ही टोकांना निमुळता ती चाती.

"लांब हाय म्हंजे कडक हाय, आसं न्हाई गं," हे शिकवायचे. "कडकपणा पानात आसतोय."

"आवं, पर घेणार कोण?" असं विचारलं की ह्यांना ऐकू यायचं नाही.

उन्हाळ्यात मालाला कीड लागली. सुईनं टोचावं तशी भोकं पडली. तेव्हा ह्यांनी सांगलीकरालाच सुचावं असं डोकं चालवलं. इथं हळद जमिनीतल्या पेवात भरून तोंड मातीनं लिंपतात. वर्षानुवर्षं तिला कीड शिवत नाही. ओळखीच्या व्यापाऱ्याच्या पेवात, हळदीवरच, ह्यांनी उरलेल्या पेट्या ठेवल्या.

दिवाळीच्या तोंडावर पेव उघडलं. आतली विषारी हवा जाईपर्यंत हे काठावर उकिडवे बसून होते. पेट्या वर आल्या. कीड नव्हती, आकार जसाच्या तसा. पण तंबाखू शेजारचा वास ओढून घेते. प्रत्येक चिरुटाला कोंदट हळदीचा वास, काहींवर बुरशी.

तरी ह्यांनी एकेक फडक्यानं पुसला, फळीतून घालून बघितला, आपापल्या खणात लावला. मला किंचाळावंसं वाटत होतं. एक साहेब आले. त्यांनी चाती उचलून नाकाशी नेली आणि म्हणाले, "हे काय, नवरदेवाला लावायचं आहे का?" हेही त्यांच्याबरोबर हसले. ते हसणं मला अजून सोसत नाही.

संक्रांतीच्या आत दुकान बंद झालं. पुढं हे कराडकडच्या एका कारखान्याच्या फाटकावर राखणदार लागले. एकदा मी डबा घेऊन गेले. हे जेवायला बसणार, तोच मोटार आली. ताडकन उठून ह्यांनी फाटक उघडलं, सलाम ठोकला. आतल्या साहेबानं मानसुद्धा वळवली नाही. आमचं आता काही बरं व्हायचं नाही, हे मला तिथंच कळलं आणि पदर डोळ्यांना गेला.

"रडतीस कशाला?" डबा उघडत हे म्हणाले. "मला सवय हाय."