सोमवारच्या चुका

मालकांनी आमचा कवळ्यांचा कारखाना सोपवावा तरी कुणाकडे, तर काउंटरवर बसणाऱ्या बाईंकडे. मी बावीस वर्षं खोटे दात बनवतोय, सगळे मला मास्तर म्हणतात. बाईंनी बावीस वर्षं काय केलं, तर डॉक्टरांकडून आलेले डबे घेतले, त्यांच्यावर नंबर टाकले आणि फोन उचलले. मालक लेकीकडे राहायला निघाले त्या दिवशी सगळ्यांना बोलावून म्हणाले, "आजपासून सगळं ताई बघतील." मी मनात म्हटलं, बघू देत की, दाढ कुठली आणि सुळा कुठला एवढं तरी दिसतंय का ते.

जळत होतो मी. आता लपवून काय करायचंय?

कारखाना म्हणजे दोन खोल्या आणि आम्ही सातजण. पेशंटच्या तोंडाचा साचा डब्यातून येतो. काकू त्यात प्लास्टर ओतते, मी दाताचा रंग ठरवून दात घडवतो, पॉलिशवाला चकाकी आणतो. मालकांच्या काळी चूक झाली की इतका आरडाओरडा व्हायचा की चूक लपवणं हेच आमचं खरं कौशल्य झालं होतं. बेसिन तुंबलं की प्लंबर पाइपातून मूठभर दात काढायचा आणि आमच्याकडे बघायचा. आम्ही छताकडे बघायचो.

पहिल्याच सोमवारी ताईंनी दहा मिनिटं काउंटर बंद ठेवला, सगळ्यांना चहा दिला आणि म्हणाल्या, "दर सोमवारी मी माझी आठवड्यातली एक चूक सांगणार. तुम्हाला सांगावीशी वाटली तर सांगा. गेल्या आठवड्यात मी दोन डब्यांचे नंबर उलटे टाकले. एका आजींना कुणा आजोबांची कवळी गेली. आजी म्हणतात, तोंड मिटत नाही, पण शेजारीपाजारी विचारतात एवढा आनंद कसला झालाय."

कुणी हसलं नाही. आम्हाला वाटलं, हा सापळा आहे. बाई आधी गोड बोलणार, मग एकेकाला उचलणार.

तिसऱ्या सोमवारी पॉलिशवाल्याने तोंड उघडलं. चाकावर धरलेली अख्खी कवळी त्याने जाळली होती. ताईंनी एवढंच विचारलं, "हात भाजला का?" त्याने अंगठा दाखवला. ताईंनी ड्रॉवरमधून मलम काढलं आणि डॉक्टरांना फोन लावला, की डबा दोन दिवस उशिरा मिळेल. संपलं. पॉलिशवाला दिवसभर त्या अंगठ्याकडे बघत बसला होता.

मग काय, बांधच फुटला. सोमवारी चुका सांगायला चढाओढ लागली. काकूकडे तर चुका पुरेनात. एकदा ताईच म्हणाल्या, "काकू, ही मागच्या सोमवारी झाली सांगून." तेव्हा काकू म्हणाली, "मग या आठवड्यात माझं सगळं बरोबर आलं, त्याला मी काय करू?"

मी मात्र वर्षभर एकच वाक्य म्हणत होतो, "माझ्याकडे काही नाही." घरी बायको म्हणाली, "तुमच्या ताईंना एकदा इकडे पाठवा, मी यादी देते."

खरं काय ते सांगतो. माझ्याकडे होतं, आणि चांगलंच मोठं होतं. दाताचा रंग ठरवायला आमच्याकडे एक पट्टी असते. तिच्यावर सोळा दात ओळीने, पांढऱ्यापासून पिवळ्यापर्यंत. मला त्यातले पहिले सहा आता एकसारखे दिसायला लागले होते. रंग कळत नाही तो माणूस दात काय घडवणार? या वयात मला दुसरीकडे कोण उभं करणार? म्हणून मी युक्ती काढली. डबा हातात घेऊन सहज विचारल्यासारखं करायचो, "काकू, तुला काय वाटतं, तीन नंबर की चार?" बावीस वर्षांत मी कुणाला कधी काही विचारलं नव्हतं. सगळे एकदम खूश. पॉलिशवाला तर माझ्यासाठी खुर्ची पुसायला लागला.

आणि मग एका वकिलांचा दात परत आला. तो बनवला त्या दिवशी काकू रजेवर होती, पॉलिशवाला बाहेर गेला होता, मी एकट्यानेच रंग ठरवला होता. डॉक्टरांनी चिठ्ठी पाठवली होती, "दात उत्तम बसला आहे. फक्त तो दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो."

सोमवारी ताई म्हणाल्या, "या आठवड्यातली चूक माझी. पाठवण्याआधी डबा तपासायचं काम माझं होतं. वकीलसाहेबांची मी माफी मागितली आहे."

माझं डोकंच फिरलं. मी कप आपटला. "तुमचा काय संबंध? दात मी लावला. मला रंग दिसत नाही. वर्षभर दिसत नाहीये. घ्या, झालं समाधान? काढा आता मला."

मग काकू हळूच म्हणाली, "माझी पण चूक आहे. मास्तर जेवायला गेले की मी त्यांनी लावलेले दात बदलून ठेवायचे." पॉलिशवाला म्हणाला, "काकूने बदललेले मी पुन्हा बदलायचो." काकू त्याच्याकडे अशी बघायला लागली की विचारू नका.

मला हसावं की रडावं कळेना. रडलोच, खोटं कशाला बोलू. ताईंनी रडू दिलं आणि मग म्हणाल्या, "मास्तर, हा मोतीबिंदू असेल. तसं असेल तर ऑपरेशन करा, रजा घ्या. तुमची जागा तुमचीच आहे, रजा कितीही लागू दे."

मोतीबिंदूच निघाला. दोन्ही डोळे झाले. सहा आठवड्यांनी कामावर आलो. दारातून आत शिरलो आणि बघतच राहिलो. क्रीम वाटायची ती भिंत पांढरी होती. पॉलिशवाल्याचा शर्ट मळका होता. ताई काउंटरवरून माझ्याकडे बघून हसल्या आणि मी जागीच थांबलो. त्यांचा समोरचा एक दात बाकीच्या दातांत उपरा दिसत होता. बाकीच्यांपेक्षा चांगला दोन नंबर जास्त पिवळा.

"ताई, हा कुठल्या गाढवाने बसवला?"

"गेल्या वर्षी माझा दात तुटला. माझ्या डॉक्टरांनी डबा आपल्याकडेच पाठवला. तुम्हीच बनवलात."

"आणि तेव्हापासून असाच घालून बसलात? मला विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर तुम्ही भीतीने खोटं बोलला असता," ताई म्हणाल्या. "मग पुढे तुम्हाला मला खरं सांगता आलं नसतं. म्हटलं, दात काय, नंतरही बदलता येईल."

ही बाई वर्षभर माझी चूक तोंडात घेऊन फिरत होती, लोकांशी हसून बोलत होती, आणि मी मात्र तिला दाढ नि सुळा कळतो का ते बघत बसलो होतो. लाज वाटली मला. फार वाटली.

मी डबीतून पट्टी काढली आणि म्हणालो, "खिडकीजवळ या. तोंड उघडा."

"डबे साचलेत, मास्तर. चौदा डॉक्टर वाट बघतायत."

"त्यांना म्हणावं थांबा," मी म्हणालो आणि त्यांची खुर्ची उजेडाकडे ओढली.