मामांनी भाकरी सोडली तेव्हा

ताटात भाकरी पडली की मामा ती दोन बोटांनी उचलायचे, उजेडाकडे धरून पापुद्रा बघायचे, वास घ्यायचे आणि शेजारच्याच्या ताटात ठेवून द्यायचे. "चांगली हाय. तुमी खा." एवढं बोलून स्वतः कांदा आणि वाळूक चावत बसायचे. नव्या माणसाला वाटायचं, कुणी विरक्त माणूस दिसतोय. मग कुणीतरी त्याच्या कानाला लागायचं की बाबा, ह्यांना एकदा रविवारी मटण भाजताना बघ आणि मग काय ते ठरव.

तुमच्याही ओळखीत पथ्यवाले असतील. कुणी भात सोडतं, कुणी साखर सोडतं आणि चारचौघांत बसलं की तेवढंच सांगत राहतं. त्यात नवल नाही. पण मामा ज्वारीचे माणूस होते. त्यांचं पोट ज्वारीवर होतं, अब्रू ज्वारीवर होती, आणि त्यांनीच भाकरी सोडली होती.

देवगाव फाट्याच्या अलीकडे बियाण्याची एक छोटी कंपनी आहे. मी तिथं उगवण तपासते. जिंतूरहून एसटीनं जाते, एसटी हुकली की जीपमध्ये स्वतःला कोंबून घेते. मामा तिथं प्रयोगाच्या प्लॉटवर देखरेखीला होते. मालकांसकट सगळे त्यांना मामाच म्हणत. गोदामामागच्या दोन खोल्यांत ते आणि मामी राहत; स्वतःचं थोडं रान पाथरीकडे होतं. ज्वारीचं नवं वाण तयार झालं की त्याचं पीठ मामींकडे जायचं. मामी भाकरी थापायच्या आणि आम्ही सगळे खायचो. पण आमचं खाणं नावाला. मामा घास चावत खिडकीबाहेर बघायचे आणि त्यांची मान कशी हलते त्यावर त्या वाणाचं काय ते ठरायचं.

मग एकदा प्लॉटवर मला सरीत रक्ताचे ठिपके दिसले. ठिपक्यांच्या मागे गेले तर पुढे मामा, एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी. तळव्यात बाभळीचा काटा चांगला बोटाच्या पेराएवढा रुतलेला. मी किंचाळले. ते खाली बघून म्हणाले, "आगं, चप्पल कवा निसटली?" काटा मीच उपटला. तेव्हाही त्यांना काही कळलं नाही. मला त्या दिवशी खरंच भीती वाटली.

परभणीच्या डॉक्टरांनी साखर सांगितली, पाय सांभाळा म्हणाले आणि गोळ्या लिहून दिल्या. त्यांच्या पुण्यातल्या मुलीनं फोनवर पॅलिओ सांगितलं. माणूस शेती करायला लागला त्याच्या आधी जे खात होता ते खायचं. मांस, मासे, अंडी, भाजीपाला, फळं. धान्य बंद, डाळ बंद, शेंगदाणे बंद, दूध बंद, साखर बंद. दुसऱ्या कुणी हे ऐकून फोन ठेवला असता. मामांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी कंपनीत येऊन जाहीर केलं, "चूल मागून आली. जाळ आधीचा हाय. आपुन आता जाळाकडं चाललो."

दुधाचा चहासुद्धा सुटला. मराठवाड्यात हे भाकरी सोडण्यापेक्षा अवघड आहे, हे तुम्हाला सांगायला नको. गोळ्या मात्र त्यांनी सोडल्या नाहीत. "आदिमानवाला डाक्टर भेटला असता तर त्यानं बी घेतल्या असत्या," म्हणायचे.

आता त्यांचा रविवार. मामींच्या गळ्यात माळ. घरात मटणाचं भांडंसुद्धा येत नसे, म्हणून मामांचा कारभार प्लॉटच्या बांधावर. दोन विटा, मध्ये बाभळीची लाकडं, आणि जुन्या सायकलच्या चाकातून काढून घासूनपुसून ठेवलेल्या तारा. मटण सेलूहून आणायचे, स्वतः उभं राहून, बरगडीची चाप आणि काळीज निवडून. "चरबी ऱ्हाऊ दे, तिच्यातच जान हाय," हे खाटकाला दर वेळी सांगायचे. मीठ, ठेचलेला लसूण, लाल तिखट, लिंबू, बस्स. तेलाचा थेंब नाही.

आणि घाई नाही. आम्ही दोघं-तिघं भुकेनं वळवळत बसायचो आणि ते ज्वाळा विझायची वाट बघायचे. "जाळ दिसतोय तवर मटन ठिवायचं न्हाई. निखाऱ्यावर राख धरली पायजे." मग मटण ओवलेल्या तारा विटांवर आडव्या पडायच्या. चरबी टपकली की निखारा चुरचुरायचा आणि असा वास सुटायचा की फाट्यावरची माणसं मान वळवायची. मामा तारा बोटांनी फिरवत राहायचे. बाहेरून कडेला काळपट, आत रसाळ. मी आयुष्यात बरंच मटण खाल्लंय, रस्सा खाल्लाय, सुकं खाल्लंय, पण त्या बांधावरच्या चापेची सर कशालाच नाही. पहिला तुकडा तोंडात गेला की मामा मिनिटभर डोळे मिटून चावत राहायचे. मग डोळे उघडून म्हणायचे, "हे जर पथ्य आसंल, तर मला आधी कामून न्हाई कुनी सांगितलं?"

श्रावणात पंचाईत व्हायची. मामींचा हुकूम, महिनाभर बांधावरसुद्धा काही नाही. मामा भोपळा, दोडका आणि नारळावर दिवस काढायचे आणि कुरकुरायचे, "आदिमानवाला सरावन न्हवता."

"त्याला बायकू बी नसंल," मामी आतून म्हणायच्या.

वजन उतरलं. वर्षभरानं एकदा पायाला मुंगी चावली तर मामा ओरडत ऑफिसात आले आणि प्रत्येकाला ती लाल गांधी दाखवत फिरले. हे खाण्यानं झालं की गोळ्यांनी, ते डॉक्टर जाणोत. मला फक्त एवढं माहीत आहे की मुंगी चावल्याचा इतका आनंद झालेला दुसरा माणूस मी पाहिला नाही.

मामींचं दुःख मात्र कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. एकदा दुपारी मी पाणी प्यायला गेले तर त्या टोपल्यात भाकरी ठेवत होत्या. चार होत्या. मी म्हटलं, मामी, तुम्ही एकट्याच खाणार ना? त्या म्हणाल्या, "हात ऐकत न्हाई, माय. दोन माझ्या व्हत्यात, दोन ह्यांच्या. दोन वर्सं झाली. म्हशीला घालते." मग त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि धुराला दोष दिला. चूल तर केव्हाच विझली होती.

त्या दोन वर्षांत मामांनी वाणं तपासली ती हातानं आणि नाकानं. पीठ मळताना कसं ओढलं जातं ते मामींना विचारायचे, भाकरी मोडून कानाशी धरायचे. तेवढ्यावर काम भागलं. मग ते नवं वाण आलं. दाणा मोत्यासारखा पांढरा, धाट उंच, उतारा भरपूर. मालक खूश होते. रब्बीची पेरणी तोंडावर होती, पिशव्या छापून आल्या होत्या. भाकरी टम्म फुगली. आम्ही गरमागरम खाल्ली आणि एकमुखानं छान म्हणालो.

मामांनी वास घेतला, मोडली, कानाशी धरली. मग मामींना म्हणाले, "ह्याच्यातली एक फडक्यात बांधून ठिव. सांजच्याला बगू."

संध्याकाळी त्यांनी ती गार भाकरी समोर घेतली. बराच वेळ बघितली. "हे नाकानं कळायचं न्हाई," म्हणाले आणि एक घास तोंडात घातला. दोन वर्षांनी. त्यांनी चावलं, खिडकीबाहेर बघितलं आणि मान आडवी हलवली.

मालक चिडले. त्यांचंही खोटं नव्हतं, सगळा हंगाम त्या पिशव्यांवर होता. "मामा, दोन वर्सं तुमी निस्तं मटन खायलात. तुमची जबान आता ज्वारीची ऱ्हायली न्हाई. ह्या सगळ्यांना चांगली लागली, तुमालाच कशी लागंना?"

मामांच्या जिभेवर आजवर कुणी शंका घेतली नव्हती. मला वाटलं, आता हा माणूस उठून जाणार. मामा शांतपणे म्हणाले, "जबान बिगडली न्हाई मालक, धुऊन निगाली. तुमाला पटत नसंल तर पाच पीठं काढा. नंबर तुमच्या खिशात ठिवा. उद्या सकाळी थापायच्या, सांजच्याला मी सांगतो. चुकलो तर पिशव्या भरा, आन मला पुन्यांदा भाकर दाखवू नका."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टेबलावर फडकं उघडलं. मालक चिठ्ठी घेऊन बसले. मामा प्रत्येक घासानंतर चूळ भरत होते. पहिली, "मालदांडी." बरोबर. दुसरी आणि तिसरी त्यांनी उलटसुलट सांगितली, मालकांनी तसं सांगताच कबूलही केलं, "सख्ख्या बहिनी हायत त्या, चुकलो." चौथी तोंडात घातली आणि लगेच म्हणाले, "ही ती." मालकांनी चिठ्ठी बघितली आणि पुन्हा एकदा बघितली.

"ऊस तोडाया जानारी बाई पहाटं थापती आन दुपारी फडात खाती," मामा म्हणाले. "ही तिच्या घशाखाली पान्याबिगर उतरायची न्हाई. गरम खाऊन इकायची आन लोकांनी गार खायची, हे आपल्याला शोभत न्हाई मालक."

पाचवीही बरोबर सांगितली. मालकांनी चिठ्ठी घडी करून ठेवली. "पिशव्या ऱ्हाऊ द्या," ते मला म्हणाले, आणि उठायला लागले.

पण फडक्यात आणखी एक भाकरी होती. मालकांच्या चिठ्ठीत सहावं काही नव्हतं. मामांनी सवयीनं तुकडा मोडला, तोंडात घातला आणि त्यांचा जबडा थांबला. दारात मामी उभ्या होत्या.

"ही गोदामातली न्हाई," मामा हळू म्हणाले. "ही पाथरीकडची. आपल्या रानातली."

मामींनी मान हलवली. मामांनी दुसरा तुकडा मोडला, मग तिसरा. तपासण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. ते नुसते खात होते, कोरडी, कशाला न लावता, आणि आमच्यातल्या कुणाची त्यांच्याकडे बघायची हिंमत होईना. कंपनी सोडून ते पाथरीला गेले त्याला आता बरेच दिवस झाले. आठवण निघाली की मला तेच दिसतात, गार भाकरी खाणारे.

अर्धी संपली तेव्हा मामी आत आल्या आणि उरलेली अर्धी त्यांनी मामांच्या हातातून काढून घेतली.

"खाऊ दे की. तूच आनलीस ना?"

"वळखता का ते बगायचं व्हतं. वळखली, बास." भाकरी पदराखाली गेली ती गेलीच. "मुंगी चावलेली कळायलीय आता तुमाला. ते मला घालवायचं न्हाई." मग त्या मालकांकडे वळल्या. माझ्या इथल्या पाच वर्षांत मी त्यांच्या तोंडून मटणाचं नाव कधी ऐकलं नव्हतं. "मालक, सेलूला कुनाला तरी धाडा. मटन आना. ह्यांनी आज लय ज्वारी खाल्ली. निखारा मी करते."

मालकांनी कुणाला धाडलं नाही. स्वतःच गाडी काढली.